निकम बाईंचा वेगळा ग्लास

निकम बाई मधल्या सुट्टीत कॅन्टीनच्या खिडकीशी सगळ्यांत आधी यायच्या. एक बटाटावडा घ्यायच्या, तिथेच उभ्या राहून खायच्या, रुमालाने बोटं पुसायच्या आणि मैदानाला फेऱ्या मारायला निघायच्या. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. अकरा फेऱ्या झाल्या की परत येऊन खिडकीशेजारच्या फळ्यावर खडूने लिहायच्या : ‘बटाटावडा एक. फेऱ्या अकरा.’ दुसऱ्या दिवशी सामोसा, तिसऱ्या दिवशी क्रीमची बिस्किटं. एका पोषणाच्या पुस्तकावरून त्यांनी हा हिशेब काढला होता आणि स्वतः चालल्याशिवाय फळ्यावर काही लिहायचं नाही असा त्यांचा नियम होता. थंड पेयाच्या बाटलीच्या दिवशी घंटा झाली तरी बाई चालतच होत्या. नववीचा वर्ग रांगेत उभा राहून वाट बघत होता आणि मुख्याध्यापक आपल्या खिडकीतून बघत होते.

बाई शारीरिक शिक्षण शिकवायच्या आणि बाई जाड होत्या. चांगल्याच जाड. मुलं म्हणायची, बाई चालल्या की मैदानावर रोलर फिरवायची गरज पडत नाही. बाईंना हे माहीत होतं. एकदा मी न राहवून विचारलं की त्यांनी हाच विषय कसा काय घेतला. त्या म्हणाल्या, “शाळेत असताना मला फुगडीला कुणी हात द्यायचं नाही, गुरव. जोडी जमायची नाही. म्हटलं, मग आपण शिट्टीच घेऊ.” हे सांगताना त्या हसल्या नाहीत, त्यामुळे मलाही हसता आलं नाही.

मी त्या शाळेचं कॅन्टीन चालवायचो. कोपरखैरण्याला तेव्हा निम्म्या इमारतींना रंग लागलेला होता आणि निम्म्यांना अजून गिलावाही नव्हता. तुर्भ्याला मी कामाला होतो तो कारखाना बंद पडला आणि एक्क्याण्णव साली ही खिडकी मला मिळाली. मी मूळचा संगमेश्वराकडचा. लहानपणी सकाळी पेज आणि रात्री पेज, मधे काही नाही. त्यामुळे मुलांना पोटभर खाताना बघणं हे मला पुण्यकर्म वाटायचं. माझी मुलगी पल्लवी दोन वर्षांची असताना आमच्या सोसायटीच्या गणपतीत सुदृढ बालक स्पर्धेत पहिली आली होती. परीक्षकांनी जास्त काही बघितलं नव्हतं. सगळ्यांत जड मूल उचललं आणि तिला नारळ दिला. तो फोटो मी कॅन्टीनमध्ये लावला होता. गिऱ्हाइकांवर चांगला परिणाम व्हावा म्हणून.

बाई तो फोटो रोज बघायच्या. एकदा फक्त विचारलं, “आता किती वजन आहे हिचं?”

मी म्हणालो, असेल तीसेक.

“अंदाज नको. आकडा सांगा.”

हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. मुलगा म्हणाला की बाई, पोट दुखतंय, थोडंसं, तर बाई विचारायच्या, किती वाजल्यापासून. मुख्याध्यापक म्हणाले की मैदानावर बरीच मुलं उनाडक्या करतात, तर बाई विचारायच्या, किती. आकडा मिळाला नाही तर त्या समोरच्याकडे शांतपणे बघत राहायच्या. त्या बघण्याला मुख्याध्यापकसुद्धा वचकून असायचे.

फळ्याचा उपयोग झाला नाही असं नाही, पण वेगळा झाला. सातवीतला एक गुबगुबीत मुलगा वडा खायचा आणि त्याच्या फेऱ्या एक किडकिडीत मुलगा मारायचा. त्या बदल्यात त्याला अर्धा वडा मिळायचा. पुढे त्या अर्ध्या वड्याच्या साडेपाच फेऱ्या कुणी मारायच्या यावर दोघांत वाद झाला आणि ते न्याय मागायला बाईंकडेच गेले. बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. मग फळा पुसला आणि माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “फळा बदलून काही होत नाही. खिडकी बदलू.”

त्याआधी त्यांना सगळ्या शाळेची वजनं हवी होती. शाळेकडे काटा नव्हता. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका पालकाचं दुकान होतं, त्यांनी सळया तोलायचा काटा टेंपोत घालून पाठवला. बाईंनी आधी त्यावर तांदळाचं सीलबंद पोतं ठेवून काटा तपासला. मग सगळी शाळा मैदानात बसलेली असताना सगळ्यांच्या आधी त्या स्वतः काट्यावर चढल्या आणि आकडा मोठ्याने वाचायला सांगितला. “शहाऐंशी,” शिपाई म्हणाला. मैदानात हशा पिकला. तो पूर्ण थांबेपर्यंत बाई काट्यावरच उभ्या राहिल्या. मग खाली उतरून म्हणाल्या, “झालं हसून? आता एकेक या. यापुढे कुणाच्या आकड्याला हसायचं नाही.” आणि खरोखर कुणी हसलं नाही. सगळं हसू शहाऐंशीवर खर्च झालं होतं.

दुसऱ्या दिवशी गावातली एक आजी शाळेत आली. खाडीकाठच्या जुन्या गावातली, जमीन जाऊन आलेल्या पैशांत तीन मजली घर झालेली. आपल्या नातवाला लोखंडाच्या काट्यावर घातलं हे तिला रुचलं नव्हतं. कॅन्टीनसमोरच तिने बाईंना गाठलं. “बाई, आमी मिठागरान हाडं झिजवली. आता कुटं पोर जरा भरलाय, त तुमी त्याला काट्याव घालता? नजर लागंल पोराला.”

बाईंनी तिला माझ्या बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि तुम्ही लहानपणी काय खात होता असं विचारलं. आजी बराच वेळ सांगत होती. तांदळाची भाकरी, सुकट, वाल, चिंबोऱ्या. बाई वहीत लिहून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, “आजी, हेच त्याला द्या. मग काट्याची गरज नाही.”

आजी म्हणाली, “त्यो खाईत नाय. त्याला हितला वडा लागतो.” आणि दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी तळणातला झारा हलवत राहिलो.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात बाई माझ्या घरी आल्या. हातात वही. त्यांनी योजना समजावून सांगितली. जूनपासून मार्चपर्यंत खिडकीत थंड पेय नाही, क्रीमची बिस्किटं नाहीत, वडा फक्त शनिवारी. एरवी उकडलेले हरभरे कांदा-लिंबू घालून, थालीपीठ, केळं, ताक. जूनमध्ये काटा मागवून नव्याने वजन-उंची घ्यायची, मार्चमध्ये पुन्हा घ्यायची. वाढत्या वयाची वाढ वजा करायची आणि उरेल तो आकडा संस्थेपुढे ठेवायचा. आकडा चांगला आला तर संस्था ही पद्धत आपल्या चारही शाळांना लावणार होती. चिटणिसांनी तसं कबूल केलं होतं. आणि आकडा चांगला आला नाही तर एक थंड पेयाची कंपनी शाळेला फ्रीज आणि नावाची मोठी पाटी द्यायला तयारच होती.

“प्यायला नुसतं ताक पुरणार नाही,” मी म्हणालो. “माझी आई कोकमाचं आगळ पाठवते. सरबत करू.”

बाईंना ते फार आवडलं. साखर किती घालायची हे त्यांनी स्वतः आमच्या स्वयंपाकघरात चव घेऊन ठरवलं. एका पातेल्याला दोन वाट्या. तोंड वाकडं होऊ नये एवढीच. त्या स्वतः मात्र साखर अजिबात खात नसत. त्यामुळे आपला ग्लास साखर घालायच्या आधी वेगळा काढून ठेवा, एवढं सांगून त्या गेल्या. मी शब्द दिला.

पहिल्या आठवड्यात मुलांनी कोकम तोंडाला लावलं आणि मैदानाच्या कडेच्या गटारात ओतलं. एकजण नाही, वर्गच्या वर्ग. गटार दोन दिवस लाल होतं. आता मला प्रामाणिकपणे सांगायचं आहे. मला धंद्याची काळजी होतीच. पण त्याहून जास्त मला ते आगळ दिसत होतं. आईने रातांबे फोडून, मीठ घालून, उन्हात बरण्या ठेवून केलेलं, गावच्या माणसाच्या हाती पाठवलेलं. ते कोपरखैरण्याच्या गटारातून वाहत होतं. तिसऱ्या दिवशी मी दोन वाट्यांच्या चार केल्या.

चव बघायला पल्लवी होती. ती तेव्हा तिसरीत होती आणि शाळा भरायच्या आधी माझ्याबरोबर कॅन्टीनमध्ये यायची. मी ग्लास पुढे करायचो, ती एक घोट घ्यायची आणि म्हणायची, “पप्पा, अजून एक वाटी.” मी घालायचो. गणपतीपर्यंत सात झाल्या. दिवाळीनंतर नऊ. जानेवारीत बारा वाट्या झाल्या आणि पल्लवी म्हणाली, आता बरोबर आहे.

ते बारा वाट्यांचं कोकम शाळेत गाजलं. मुलं दोन-दोन, तीन-तीन ग्लास प्यायची. कोकम चांगलं असतं, निकम बाईंनीच सुरू केलंय, म्हणून आया पाण्याच्या बाटल्या देऊ लागल्या, भरून आणायला. पूर्वी थंड पेय मुलं आठवड्यातून एखाद्या वेळी लपून प्यायची. कोकम रोज, उघडपणे आणि शाबासकी घेऊन प्यायची. बाई खिडकीशी यायच्या, रांग बघायच्या, आपला बिनसाखरेचा आंबट ग्लास एका दमात रिकामा करायच्या आणि म्हणायच्या, “बघा गुरव. मुलांना आंबट आवडत नाही म्हणत होतात.”

मी त्यांचा ग्लास धुऊन ठेवायचो.

आमची सौ. म्हणाली होती, बाईंना सांगून टाका. मी म्हणालो, मार्चनंतर सांगू. साखरेने एवढं काय होतंय, असंही मला मनातून वाटत होतं. तेल वाईट, हे मला पटलं होतं. साखर आमच्याकडे सणाला यायची. ती वाईट कशी असेल?

मार्चमध्ये कळंबोलीचा काटा पुन्हा आला. बाई सकाळपासून नेहमीपेक्षा जास्त बोलत होत्या. दुपारी त्या वहीतले आकडे पुन्हा पुन्हा तपासू लागल्या. मुलं बारीक झाली नव्हती. वयाची वाढ वजा करूनही वजनं वर गेली होती, आणि सगळ्यांत जास्त गेली होती ती रोज कॅन्टीनमध्ये खाणाऱ्यांची. पल्लवी दहा महिन्यांत नऊ किलोंनी वाढली होती. तिचा आकडा बाईंनी दोनदा वाचून घेतला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

संस्थेची सभा मुख्याध्यापकांच्या खोलीत झाली. मलाही बोलावलं होतं. मी दाराजवळच्या खुर्चीत बसलो. मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. बाईंची बाजू सावरायला म्हणाले की लोखंडाचा काटा तो, त्याचं काय एवढं, एखाद-दोन किलो इकडेतिकडे व्हायचेच. बाईंना तेवढं धरून निसटता आलं असतं.

बाई म्हणाल्या, “काटा बरोबर आहे, सर. मी परवा पुन्हा पोतं ठेवून पाहिलं. माझी समजूत चुकली.”

चिटणीस माझ्याकडे वळले. “गुरव, तुमचं काही म्हणणं? ठरल्याप्रमाणेच सगळं दिलं ना?”

मी उभा राहिलो. त्या खोलीतलं सगळं मला आजही दिसतं. कपाटावरच्या ढाली, टेबलावरची काच, काचेखालचं वेळापत्रक. मी म्हणालो, “हो साहेब. बाईंनी सांगितलं तसंच केलं.”

बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. आभार मानल्यासारखी.

जूनमध्ये फ्रीज आला. शाळेच्या नावाची पाटी आली, तिच्यावर शाळेच्या नावापेक्षा बाटली मोठी होती. कंपनीच्या करारावर कॅन्टीनचालक म्हणून मी सही केली. माझा धंदा बरा चालू लागला. निकम बाई खिडकीशी यायच्या थांबल्या. भेटल्या की नमस्कार करायच्या, आईची चौकशी करायच्या. मैदानावर कवायत घ्यायच्या, खो-खो घ्यायच्या. पण कोण काय खातं याबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. एखादा मुलगा त्यांच्यासमोर दोन वडे आणि बाटली घेऊन बसला तरी त्या शिट्टी पुसत दुसरीकडे बघायच्या. मला वाटलं, दमल्या असतील. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं.

पाच वर्षं अशीच गेली. पल्लवी नववीत गेली. एके दिवशी शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, आज वर्गातल्या एका मुलीने निकम बाईंना विचारलं की बाई, मी काय खाऊ म्हणजे बारीक होईन. मी विचारलं, मग काय म्हणाल्या?

“म्हणाल्या, ‘मला विचारू नकोस, बाळ. मी एकदा सांगून पाहिलं होतं, त्याने मुलं जाड झाली.’” पल्लवीचा आवाज चढलेला नव्हता. “पप्पा, त्यांना अजून वाटतंय त्यांचंच चुकलं. वाट्या मी मोजत होते. तुम्ही सांगताय की मी सांगू?”

रविवारी सकाळी मी बाईंकडे गेलो. त्या बहिणीबरोबर एका खोली-किचनमध्ये राहायच्या. दारात मेथी निवडत बसल्या होत्या. मी आत गेलो, बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं की कोकमात साखर ठरल्यापेक्षा जास्त होती.

“किती?”

“बारा वाट्या.”

“पहिल्यापासून बारा?”

मग त्यांनी वही आणली. पहिल्या आठवड्यात किती, गणपतीत किती, दिवाळीनंतर किती, जानेवारीत किती, एकेक महिना विचारून लिहून घेतला. रोज किती पातेली लागायची ते विचारलं. बाटल्या किती मुलं भरून न्यायची ते विचारलं. मी मला आठवेल तसं सांगितलं आणि जिथे अंदाज होता तिथे अंदाज आहे असं सांगितलं. त्यांनी तिथे तसं लिहिलं. मग बेरीज केली. मी शिव्या खायच्या तयारीने गेलो होतो. निदान चालते व्हा तरी म्हणतील, असं वाटलं होतं.

त्या म्हणाल्या, “पाच वर्षं मी मुलांना काही सांगितलं नाही, गुरव. मुलं विचारायला यायची. मला वाटायचं, मला कळत नाही.”

एवढंच. मग त्यांनी वही माझ्यापुढे केली आणि खाली सही करायला सांगितली. मी केली. निघताना म्हणालो, बाई, माफ करा. त्या म्हणाल्या, “पल्लवीला सांगा, तिने मोजल्या ते चांगलं केलं. तिचा यात दोष नाही.” माझ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मी पुन्हा विचारलं नाही.

सोमवारी बाई ती वही घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या. प्रयोग फसला नव्हता, तो झालाच नव्हता, तेव्हा आता करू द्या, म्हणाल्या. साखरेचा डबा त्या स्वतःच्या कपाटात ठेवणार होत्या. प्रकरण चिटणिसांपर्यंत गेलं. चिटणिसांनी सांगितलं, फ्रीजचा करार आहे, कॅन्टीनमध्ये दुसरं पेय ठेवता येणार नाही. करार काढून दाखवला. खाली माझी सही होती.

बाईंची नोकरीची दोन वर्षं उरली होती. त्या दोन वर्षांत त्या पुन्हा बोलू लागल्या. विचारेल त्याला सांगायच्या, न विचारेल त्यालाही सांगायच्या, आणि साखरेबद्दल जरा जास्तच सांगायच्या. मैदानावरून त्यांचा आवाज माझ्या खिडकीपर्यंत यायचा. मी बाटल्यांची झाकणं उघडत असायचो. दरम्यानच्या पाच तुकड्या शाळेतून बाहेर पडल्या होत्या. त्यांना सांगायला आता कुणी जाणार नव्हतं.

गेल्या वर्षी बाई गेल्या. शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. माजी विद्यार्थी बरेच आले होते. माझ्या खिडकीवर वाढलेली ती मुलं, आता चाळिशीला टेकलेली. बरेचजण खुर्चीत बसताना हाताने टेकू घेऊन बसत होते. त्यांच्यातला एकजण बोलायला उठला. चांगला मुलगा, वाशीला मोठ्या पदावर आहे. म्हणाला, “आज सगळे शाळेतल्या मुलांच्या खाण्यापिण्याबद्दल बोलतात. बाईंनी तेव्हाच आमचं कोल्ड्रिंक बंद करून आम्हाला कोकम प्यायला शिकवलं. गुरवकाका इथे बसलेत. काका, तसं कोकम पुन्हा कुठे मिळालं नाही हो.” सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे प्रेमाने बघितलं.

मी दोन शब्द बोलायची परवानगी मागितली. पुढे गेलो, बाईंच्या फोटोला नमस्कार केला आणि सांगितलं की त्या कोकमात एका पातेल्याला बारा वाट्या साखर होती, बाईंनी दोनच सांगितल्या होत्या, आणि हे बाईंना पाच वर्षं माहीत नव्हतं.

हॉलमध्ये मोठा हशा झाला. मागून कुणीतरी टाळी वाजवली. पहिल्या रांगेतला एकजण डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणाला, “काका अजून तसेच आहेत.” मी हशा थांबायची वाट बघत उभा राहिलो. तो थांबेपर्यंत सूत्रसंचालकांनी माझे आभार मानून पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं होतं. पुढचं सांगायचं राहिलं, म्हणून इथे लिहिलं.